आधी विचारा, हा राक्षस कोणाचा?

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्याच्या आठ दिवस आधी मी कल्पनेतल्या साहसाचा खेळ खेळण्यासाठीच्या माझ्या मराठी साहस-पुस्तिकेच्या २०० प्रती महालातल्या छापखान्यातून आणल्या. पुतण्याने पान १४ उघडलं आणि म्हणाला, "काका, हा तर बिहोल्डर!" चित्र आमच्या चित्रकाराने नव्याने काढलेलं, नाव मी "बघ्या" ठेवलेलं. पण एकच मोठा डोळा, डोक्यावर देठांवर हलणारे छोटे डोळे, प्रत्येक डोळ्यातून वेगळी जादू, सगळं तसंच होतं. ते पान काढून नवं चिकटवण्यात तीन रात्री गेल्या. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहितोय.

कागद घ्या आणि प्रत्येक प्राण्यासमोर तो कुठून आला ते लिहा. ड्रॅगन, ग्रिफिन, मिनोटॉर जुन्या कथांमधले आहेत, बिनधास्त वापरा. बिहोल्डर आणि माइंड फ्लेयर हे राक्षस 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाने घडवलेले आहेत, त्यांना हात लावू नका. मधला गट म्हणजे याच खेळाचा एसआरडी ५.१ हा नियमसंच. खेळाची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने तो जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे श्रेय देऊन कोणालाही वापरता येईल असा, खुला केला. त्यात आउलबेअर (घुबड आणि अस्वल यांचा मिश्र प्राणी) आहे, बिहोल्डरचा तपशील नाही. त्यातलं घेतलंत तर त्यात दिलेलं श्रेयवाक्य जसंच्या तसं छापा. मुखपृष्ठावर "फिफ्थ एडिशनशी (म्हणजे खेळाच्या पाचव्या आवृत्तीशी) सुसंगत" लिहिता येतं, खेळाचं बोधचिन्ह मात्र लावता येत नाही. पुस्तकातली चित्रंही या परवान्यात नाहीत, म्हणून आउलबेअर स्वतः काढा.

कॉपीराइट आणि ट्रेडमार्क (नावा-चिन्हावरचा हक्क) यांतला फरक मला टॉल्किनच्या कादंबऱ्यांतल्या ठेंगण्या हॉबिटवरून समजला. आपल्या १९५७ च्या कायद्यात लेखनाचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. टॉल्किन १९७३ मध्ये गेले, म्हणजे इथे २०३३ संपेपर्यंत. ट्रेडमार्क मात्र दर १० वर्षांनी नूतनीकरण करत कितीही काळ चालवता येतो. १९७० च्या दशकात खुद्द डन्जन्स अँड ड्रॅगन्सलाच हॉबिटचं हाफलिंग आणि टॉल्किनच्याच बॅलरॉग राक्षसाचं बॅलोर करावं लागलं होतं.

नुसती कल्पना कोणाची नसते, १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. पण माझ्या बघ्यात कल्पनेपेक्षा बरंच जास्त उचललेलं होतं.

मग मी आपल्याकडे वळलो, आणि हे आधीच सुचायला हवं होतं. काळी-पिवळी मारबत, तिच्या मिरवणुकीतला बडग्या, मुंजा, वेताळ, चकवा: केवढा ऐवज आहे आपल्याजवळ! लोककथा सगळ्यांची असते. पण एखाद्या लेखकाने रचलेला वेताळ त्याचा, आणि मारबतीचा फोटो तो काढणाऱ्याचा. आता पान १४ वर रात्री वाटसरूला एकाच बांधावर फिरवत ठेवणारा चकवा आहे.

नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोधा, तिथे पैसे लागत नाहीत. वर्ग २८ खेळांचा, १६ छापील साहित्याचा. उच्चारानुसारही शोधा, स्पेलिंग बदलून सुटका होत नाही.

चित्रकाराशी हक्क-हस्तांतरणाचा करार लेखीच करा आणि त्यात मुदत व प्रदेश घाला. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आमच्या करारात दोन्ही राहून गेलं होतं, ते मागच्या आठवड्यात धरमपेठेत त्याच्या घरी बसून नीट करून घेतलं.