पाणबुडीचा गेम खऱ्यासारखा खेळायचाय? मग आधी अर्धी माहिती बंद करा

पाणबुडीचे गेम खऱ्याच्या किती जवळ असतात असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, कुठल्या सेटिंगवर खेळताय? कारण तोच सायलेंट हंटर ३ (दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचा गेम) एका सेटिंगवर नुसता नेमबाजीचा गेम आहे आणि दुसऱ्या सेटिंगवर अक्षरशः घाम काढतो. माझ्या मते यातलं गणित बऱ्यापैकी खरं असतं, खोटी असते ती खात्री. समोरचं जहाज नेमकं कुठंय, किती वेगात चाललंय, हे गेम नकाशावर आयतं दाखवतो आणि खऱ्या कमांडरची सगळी दमछाक तर तेवढंच शोधण्यात व्हायची.

तर पहिलं काम म्हणजे रिॲलिझमच्या सेटिंगमध्ये जाऊन बाहेरचा कॅमेरा बंद करा. पाण्याखालून आपलीच बोट बघायला भारी वाटतं, मान्य, पण आतल्या माणसाला खिडकीच नसते. दोन-चार मोहिमा झाल्या की नकाशावरचे अपडेट बंद करा, मग वेपन ऑफिसरची मदत (तो नेमाचं गणित आपल्यासाठी करून देतो). सगळं एकदम बंद करू नका, वैतागून गेम डिलीट कराल. बॅटरी आणि ऑक्सिजनची मर्यादा मात्र पहिल्या दिवसापासून चालू असू द्या. जर्मनांची टाइप ७ सी पाणबुडी पाण्याखाली ४ नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) साधारण ८० सागरी मैल जायची, म्हणजे जेमतेम २० तास, आणि जोरात पळवली की बॅटरी बघता बघता झोपायची. पाणबुडी म्हणतात खरी पण त्या काळात ती बराचसा वेळ पाण्यावरच चालायची आणि गरज पडली तर बुडी मारायची.

फुसके टॉर्पेडो (पाण्यातून जहाजावर सोडायचे बॉम्ब) पण चालू ठेवा. नवीन लोक म्हणतात हा अन्याय आहे, नेम बरोबर लागला तरी फुटत नाही म्हणजे काय. अहो, खऱ्या माणसांचंही हेच रडगाणं होतं. अमेरिकेचा मार्क १४ टॉर्पेडो सेट केल्यापेक्षा खोल जायचा, त्याचा चुंबकी खटका भरवशाचा नव्हता आणि धडकून उडणारा जो होता तो जहाजाला अगदी काटकोनात, म्हणजे आदर्श नेम लागला, की चेपून निकामी व्हायचा! जुलै १९४३ मध्ये टिनोसा या पाणबुडीने एका मोठ्या जपानी जहाजावर १५ टॉर्पेडो सोडले, बहुतांश लागले आणि त्यातले बरेचसे फुटलेच नाहीत, शेवटी कॅप्टनने उरलेला एक तपासायला परत नेला. हे सगळं दुरुस्त व्हायला १९४३ संपत आलं.

आता खरी मजा, हाताने नेम धरायचा. यात सगळ्यात सोपी पद्धत सांगतो, हिला अंतर मोजावंच लागत नाही.

आधी जहाजाचा मार्ग अंदाजाने काढा आणि आपली बोट त्या मार्गाला काटकोनात लावून जवळजवळ थांबवा. मग पेरिस्कोप एका जागी स्थिर धरा, हलवायचा नाही, आणि स्टॉपवॉच घ्या. जहाजाचं नाक उभ्या रेषेवर आलं की सुरू, शेपूट रेषेवरून गेलं की बंद. समजा ओळखपुस्तकात लांबी १३० मीटर दिलीय आणि लागले २५ सेकंद, तर सेकंदाला ५.२ मीटर, त्याला १.९४ ने गुणलं की साधारण १० नॉट. झालं, वेग मिळाला.

तुमचा इलेक्ट्रिक टॉर्पेडो ३० नॉटचा. १० भागिले ३०, त्याचा कोन (कॅल्क्युलेटरवर tan⁻¹) येतो साधारण १८ अंश. जहाज डावीकडून येत असेल तर पेरिस्कोप ३४२ वर (३६० वजा १८) लावायचा, टॉर्पेडोचा जायरो (त्याची दिशा ठरवणारा भाग) शून्यावर म्हणजे सरळ समोर, आणि जहाजाचा मध्य रेषेवर आला की फायर. जवळ असो की लांब, कोन तोच राहतो. स्टीमचा ४४ नॉटवाला सोडणार असाल तर कोन १३ च्या आसपास येईल, पण तो मागे बुडबुड्यांची रेघ सोडतो आणि दिवसा ती दिसते.

आणि वेग २ नॉटने चुकला तर? १००० मीटरला इलेक्ट्रिक टॉर्पेडोला ६५ सेकंद लागतात, तेवढ्यात जहाज ६७ मीटर पुढे-मागे झालेलं असतं, म्हणजे जहाजाची अर्धी लांबी, म्हणजे गेला पाण्यात. माझे पहिले चार असेच गेले कारण मी वेळ मोजताना पेरिस्कोप जहाजाबरोबर फिरवत होतो (हसू नका, सगळे करतात). म्हणून १००० च्या आत या, आणि दोन सोडा.

वेळेच्या बाबतीत मात्र कुठलाच गेम खरा नाही आणि नसलेलाच बरा. १०२४ पटीने वेळ पळवला की अख्खा दिवस दीड मिनिटाच्या आत संपतो. खऱ्या गस्ती आठवडेच्या आठवडे चालायच्या, पन्नासेक माणसं, बंक आळीपाळीने, आणि टाइप ७ सीच्या दोन संडासांपैकी एक सुरुवातीला खाण्याच्या सामानाने भरलेला. गेममध्ये कंटाळा येत नाही, तिथे मुख्य कंटाळाच होता. जर्मन पाणबुड्यांवरच्या साधारण ४० हजार माणसांपैकी ३० हजार परत आले नाहीत, हे कुठल्या सेटिंगमध्ये घालणार?

आधुनिक पाणबुडीवाले गेम, जसं कोल्ड वॉटर्स, त्यात आणखी गंमत. एका संध्याकाळी तुम्ही पाण्याखालच्या तीन पाणबुड्या बुडवता. खऱ्या इतिहासात दोघी पाण्याखाली असताना एकीने दुसरीला बुडवल्याची ज्ञात घटना एकच आहे, ९ फेब्रुवारी १९४५, ब्रिटिश व्हेंचररने जर्मन यू-८६४ ला. तिने काही तास नुसता आवाजाचा पाठलाग केला, समोरचीच्या नागमोडी वाटेचा अंदाज बांधला आणि वेगवेगळ्या खोलीला चार टॉर्पेडो सोडले, चौथा लागला. आजच्या पाणबुड्यांचा आवाज किती हे गुपित असतं, त्यामुळे गेमवाल्यांचे ते आकडे अंदाजपंचेच समजा. हळू खेळायची तयारी असेल तर डेंजरस वॉटर्स बघा, २००५ चा आहे, दिसायला जुनाट, पण त्यात नुसत्या दिशेवरून समोरच्याचा मार्ग काढत बसावं लागतं आणि सोनार वापरून पिंग केलं, म्हणजे स्वतः आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकला, की तुम्ही कुठे आहात हे सगळ्यांना कळतं, खऱ्यात पण ते क्वचितच करतात याच कारणाने.

एकच गोष्ट अजून, वरून डेप्थ चार्ज (ठरावीक खोलीवर फुटणारे बॉम्ब) पडायला लागले की वेळ पळवू नका, १ पटीवरच ठेवा. हेडफोन लावा, इंजिन हळू करा, डिस्ट्रॉयरच्या (पाणबुड्या शोधणाऱ्या युद्धनौकेच्या) पंख्याचा आवाज डोक्यावर आला की तेव्हाच जोर लावून वळा कारण अगदी वर आल्यावर त्या काळच्या सोनारला तुम्ही ऐकू येत नाही. मग परत इंजिन हळू, आणि बसा वाट बघत. माझे यात एकदा दोन तास गेले आणि जेवायला हाक मारली तर मी हळू आवाजात "आलो" म्हणालो.