भोपळ्याची वेल उभ्या ताटीवर

नाशिकच्या द्राक्षबागांना जाचतो तसाच भुरी रोग (पानांवर पांढरी पूड आणणारा बुरशीचा रोग) परसातल्या भोपळ्यालाही सोडत नाही, म्हणून वेल जमिनीवर पसरू देण्याऐवजी ताटीवर चढवणे हिताचे ठरते, कारण उभ्या वेलीच्या पानांमधून हवा खेळती राहते आणि फळे ओल्या मातीला टेकून सडत नाहीत. सुमारे 6 फूट उंचीची बांबूची भक्कम ताटी वाफ्याच्या उत्तर बाजूस, बी पेरण्यापूर्वीच उभारावी. नंतर खड्डे खणल्यास मुळे दुखावतात. मुख्य वेल दर आठवड्याला सुती चिंधीने सैल बांधावी. सुतळी घट्ट आवळली, तर खोड जाड होताना ती त्यात रुतते. दुधी आपल्या ताण्यांनी (आधाराला वेटोळे घालणाऱ्या तंतूंनी) चांगला धरून चढतो, परंतु लाल भोपळ्याचे लहान फळांचे वाण निवडावे आणि फळ मुठीएवढे झाले की जुन्या सुती कापडाची झोळी करून तिचा भार देठावर नव्हे, तर ताटीवर द्यावा. झुकिनी बहुधा झुडुपासारखी वाढते; तिला ताटीची गरज नसते. फळधारणा होत नसल्यास ताज्या नरफुलाचे पराग मादीफुलाला हाताने लावावेत: लाल भोपळ्यासाठी सकाळी, तर दुधीसाठी सायंकाळी, कारण त्याची पांढरी फुले तेव्हाच उमलतात.