नोकरी गेल्यावर घरभाड्याची सोय: मुंबईत अर्ज कुठे आणि कसा करायचा

नोकरी गेलेल्या कुणालाही अर्ज करून घरभाडं मिळेल, अशी सरसकट सरकारी योजना मुंबईत नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे तुमचे पहिले काही दिवस ती शोधण्यात जाणार नाहीत. ‘भाड्याच्या योजनेचा फॉर्म भरून देतो’ असं म्हणून कुणी पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका.

भाड्याला लावता येईल असा पैसा मात्र अनेकांचा असतो. तो त्यांच्याच पगारातून कापलेला असतो आणि वेगवेगळ्या खात्यांत पडून असतो. माझा सगळा आग्रह एवढ्याचसाठी आहे की तो मागायला उशीर करू नका. दोन महिने भाडं थकल्यावर अर्ज केला, तर पैसे येईपर्यंत मालकाचा धीर सुटलेला असतो.

आधी कागद गोळा करा

कंपनीच्या ईमेलचं आणि पोर्टलचं लॉगिन बंद होण्याआधी शेवटच्या काही महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र आणि कामावरून कमी केल्याचं पत्र उतरवून घ्या. पत्र दिलं नसेल तर ईमेल करून मागा. कामावर शेवटचा दिवस कोणता होता, हे लेखी असणं फार महत्त्वाचं आहे. सोबत आधार, बँकेचं पासबुक आणि भाडेकरार एका फायलीत ठेवा.

आता स्लिप नीट वाचा. त्यात ‘ईएसआय’ (कर्मचारी राज्य विमा) म्हणून रक्कम कापलेली दिसते का? कामगाराचा वाटा ०.७५ टक्के असतो, म्हणजे १८,००० पगारावर १३५ रुपये. साधारणपणे महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना हा विमा लागू होतो. सुरक्षारक्षक, दुकानातले सेल्समन, कारखान्यातले आणि हाउसकीपिंगचे कामगार यांतल्या अनेकांच्या स्लिपवर ती ओळ असते. या कपातीवर दवाखान्यापलीकडेही काही मिळतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

ईएसआयचा बेरोजगारी भत्ता

योजनेचं नाव ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’. ती १ जुलै २०१८ पासून सुरू झाली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, म्हणून ती सध्या चालू आहे ना, हे ईएसआयच्या शाखा कार्यालयात आधी विचारून घ्या. तुमच्या सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी मिळते, तीही आयुष्यात एकदाच.

हिशोब असा: मागच्या चार अंशदान काळांतली (विम्याची कपात मोजायचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे), म्हणजे दोन वर्षांची, एकूण कमाई भागिले ७३०, आणि त्याचं निम्मं. दोन वर्षं सलग १८,००० पगार असेल तर रोजचे साधारण २९६ रुपये होतात आणि ९० दिवसांचे सुमारे २६,६००. मुंबईचा विचार करता ही रक्कम मोठी नाही. तरीही कळव्याला किंवा नालासोपाऱ्याला खोली घेऊन राहणाऱ्या कुटुंबाला त्यात काही महिन्यांचं भाडं निभावता येतं.

पात्रता तपासा. बेरोजगार होण्याआधी किमान दोन वर्षं विमाधारक नोकरी हवी. लगतच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचं अंशदान हवं आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी एकात तितकंच. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे हे काळ धरतात. गैरवर्तनाच्या कारवाईत काढलं असेल, निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर हा भत्ता मिळत नाही. म्हणून ‘राजीनामा लिहून दे, नाहीतर शिस्तभंगाची कारवाई दाखवू’ असा दबाव आला, तर तिथल्या तिथे सही करू नका. कागद घरी आणा, वाचा, कुणाला तरी दाखवा.

नोकरी सुटून ३० दिवस झाले की दावा करता येतो. ईएसआयसीच्या (ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाच्या) पोर्टलवर विमा क्रमांकाने लॉगिन करून अर्ज भरा, प्रिंट काढून सही करा आणि आधार व बँक खात्याच्या प्रतींसह तुमच्या शाखा कार्यालयात द्या. कंपनीच्या मालकाच्या सहीसाठी खेटे घालायची गरज नाही, दावा थेट तुम्हीच करायचा. पोच मात्र मागून घ्या, शिक्क्यासकट. आधारवरचं आणि ईएसआयमधलं नाव जुळतं का, तेही आधीच बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे अर्ज इथे अडकू शकतात.

कंपनीच बंद पडली किंवा कायद्यानुसार कामगारकपात झाली असेल, तर कार्यालयात ‘राजीव गांधी श्रमिक कल्याण योजने’बद्दलही जरूर विचारा. तिच्यात भत्ता बराच जास्त काळ मिळतो.

पीएफ, पण बेताने

एक महिना नोकरी नसेल तर पीएफच्या शिल्लकीपैकी ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढण्याची तरतूद २०१८ मध्ये आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवलं, की ७५ टक्के लगेच काढता यावेत आणि उरलेले १२ महिन्यांनी. दावा यूएएनच्या (तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकाच्या) पोर्टलवर घरबसल्या करता येतो, एजंटाला कमिशन देण्याचं काहीच कारण नाही.

कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर दावा अडतो. शेवटच्या अंशदानानंतर दोन महिन्यांनी ती तारीख तुम्ही स्वतः भरू शकता. सेवा पाच वर्षांपेक्षा कमी आणि रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल, तर टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापला जातो, तो हिशोबात धरा.

मला वाटतं, गरजेपुरतीच रक्कम काढावी. हा म्हातारपणाचा पैसा आहे, आणि हातात आलेली मोठी रक्कम भाड्याआधी भलत्याच ठिकाणी संपते.

उरलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे, आणि पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी, हेही मागा. नव्या वेतन संहितेप्रमाणे कामावरून काढल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं असतं, आणि सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. मिळालं नाही तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, लेखी तक्रार करता येते.

घरमालकाशी भाड्याच्या तारखेआधी बोला

तारीख उलटल्यावर फोन टाळत बसण्यापेक्षा आठवडाभर आधी स्वतः फोन करा, आणि मग बोलणं लेखी पाठवा. असं काहीतरी:

‘नमस्कार काका. या महिन्यापासून माझी नोकरी नाही. ५ तारखेला ७,००० रुपये देतो. उरलेले ८,००० पीएफ जमा झाला की २५ तारखेपर्यंत देतो. दाव्याची पोच सोबत जोडली आहे. पुढचे दोन महिने अर्धं भाडं डिपॉझिटमधून वळतं केलंत तर आभारी राहीन. नवी नोकरी लागल्यावर डिपॉझिट पुन्हा भरून देईन.’

‘बघतो, काहीतरी करतो’ यापेक्षा मालकाला तारीख आणि आकडा हवा असतो. जमेल तेवढंच लिहा. जे भाडं द्याल ते यूपीआयने किंवा बँकेतून द्या, म्हणजे नोंद राहते.

करारातली नोटिशीची आणि लॉक-इनची (किती काळ घर सोडता येणार नाही, याची) कलमं आत्ताच वाचा. तीन महिन्यांत काम लागेल असं दिसत नसेल, तर लवकर स्वस्त जागेत जाणं शहाणपणाचं ठरतं. डिपॉझिट भाड्यात संपल्यावर नव्या घरासाठी हाती काहीच उरत नाही. झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवरून भाडं भरू नका. ते कर्ज भाड्यापेक्षा जड होतं.

घर सोडायला सांगितलं तर

गिरगाव-परळच्या चाळींत पागडीने राहणाऱ्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं चांगलं संरक्षण आहे. थकबाकीसाठी मालकाने लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवस उलटेपर्यंत तो दावा लावू शकत नाही. वीज-पाणी तोडायलाही कलम २९ ची मनाई आहे.

अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांची बाजू याहून कमकुवत असते. मुदत संपल्यावर कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो, आणि मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते. म्हणून मुदत संपत आली असेल तर आधी वाढीव करार करून घ्या. मात्र कुणालाही परस्पर कुलूप बदलून सामान बाहेर काढण्याचा अधिकार नाही. तसं झालं तर ११२ वर फोन करा आणि दाराचे, सामानाचे फोटो काढा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेले अर्ज करू शकतात. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे. फोन करताना भाडेकरार आणि मालकाची नोटीस समोर ठेवा, कारण तारखा लगेच विचारल्या जातात.