खाली उभं राहायचं काम

झाडं छाटणाऱ्या आमच्या टोळीत दादा झाडावर चढतो आणि मी खाली असते. चौदा वर्षं झाली. लोकांना वाटतं, खालचा माणूस म्हणजे पडलेल्या फांद्या ओढून टेम्पोत भरणारा. भरते मीही, पण ते सगळ्यात शेवटी. त्याआधी पाच-सहा तास माझी मान वर आणि हात दोरावर असतो. या उन्हाळ्यात दोन नवी पोरं आली, दोघांनाही पहिल्या दिवशीच चढायचं होतं. दादा म्हणाला, "सहा महिने ताईच्या हाताखाली खाली उभे राहा, मग बघू." त्या दोघांना रोज जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

काम कागदापासून सुरू होतं. झाड सोसायटीच्या आवारात असलं तरी ते छाटायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५ चा कायदा आहे. झाड ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं असेल तर २०२१ च्या दुरुस्तीपासून ते वारसा वृक्षात धरतात. परवानगीची प्रत खालच्या माणसाच्या खिशात हवी, वरच्याच्या नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भांडायला येतात तेव्हा दादा वर लटकलेला असतो. आणि कागदावर चार फांद्या असतील तर चारच. "आलाच आहात तर शेंडापण उडवा" असं सेक्रेटरी हमखास म्हणतात. हसायचं आणि नाही म्हणायचं.

मग झाडाभोवती दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत नजर बुंध्याकडे. ठाण्यात निम्म्या झाडांच्या गळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आलेत, त्यामुळे मुळांची अवस्था दिसतच नाही. बुंध्याशी कडक, फळीसारखी भूछत्रं दिसली तर आतलं लाकूड कुजायला लागलंय असं समजायचं. लाकडी हातोड्याने खोड वाजवून बघायचं. धड खोड ठणठणीत बोलतं, पोकळ खोडाचा आवाज रिकाम्या पिंपासारखा येतो. जुने खिळे, सालीने गिळलेली लोखंडी जाळी, कुणीतरी गुंडाळून विसरलेल्या दिव्यांच्या माळा, हे सगळं खालूनच शोधून वर सांगायचं. करवतीची चेन खिळ्यावर आपटली की त्या दिवसाचं काम बोंबललं.

झाडाची जात विचारात घ्या. शेवगा आणि जांभूळ कधी मोडतील सांगता येत नाही, हे कोकणातल्या लहान पोरालाही माहीत असतं. गुलमोहर दिसायला भरभक्कम, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. आमच्या नौपाड्यातल्या निम्म्या कामांत तोच असतो. आंब्याची फांदी मोडायच्या आधी कुरकुरते तरी. खोड पोकळ वाटलं तर कुणीही चढायचं नाही, माणसाला वर उचलणारी बकेटची गाडी मागवायची. गाडीचं भाडं ऐकून सोसायटी कुरकुरते. कुरकुरू दे.

दुसऱ्या फेरीत नजर वर. पहिल्यांदा तारा. "ती केबलवाल्याची आहे हो," असं वॉचमन सांगतो तेव्हा ती विजेची आहे असंच समजा. वरचं रबर उन्हाने तडकलेलं असतं, आणि ओली फांदी करंट छान वाहून नेते. महावितरणचा माणूस स्वतः येऊन लाइन बंद झाल्याचं सांगेपर्यंत शिडीसुद्धा लावायची नाही. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनचं "केलंय बंद" चालत नाही. तार तुटून खाली पडली तर जवळ जायचं नाही. आपण जवळच उभे असलो तर पावलं न उचलता, पाय जुळवून, घासत घासत लांब सरकायचं, कारण आसपासच्या जमिनीतही वीज असते. मग १९१२ ला फोन.

आग्या मोहोळ दिसलं तर सामान उचलून घरी. मशीनच्या आवाजाने त्या माश्या उठतात, आणि दोराला बांधलेला माणूस पळू शकत नाही. पावसाळ्यात रेन ट्रीवर बगळ्यांची घरटी असतात. अंडी-पिल्लं असतील तर ती फांदी राहू द्यायची. ती कापणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी दादाने त्यावर करवत चालवली नसती.

आता जागा बांधणं. झाडाच्या उंचीएवढं अंतर चारही बाजूंनी मोकळं मिळालं तर उत्तम, पण ठाण्यातल्या सोसायटीत ते कधीच मिळत नाही. म्हणून फांद्या दोराने उतरवायच्या आणि पट्टी बांधून गेटवर एक माणूस उभा करायचा. त्याला दुसरं काहीही काम द्यायचं नाही. "एकच मिनिट, स्कूटी काढते" म्हणणाऱ्यांचं वय १८ ते ८० असतं. स्कूटी काढायची असेल तर आधी वरची करवत थांबते, मग स्कूटी निघते.

आवाजाचं एक सांगते. पूर्वी आम्ही ओरडून काम करायचो. वरून दादा "खाली?" विचारायचा, मी "मोकळं!" म्हणायचे, तो फांदी सोडायचा. पाचपाखाडीत एका कामावर पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एक शाळकरी पोरगा आमची मजा बघत होता. दादाने विचारलं, "खाली?" मी दोर सोडवायला वाकले होते. पोरगा गंमत म्हणून ओरडला, "मोकळंऽऽ!" मनगटाएवढी फांदी माझ्या डाव्या पायावर आली. मी तेव्हा चपलेवर होते. अंगठा अजून पहिल्या पावसात ठणकतो. त्या दिवसापासून शिट्टी आली आणि बूटही. एक लांब शिट्टी म्हणजे थांब. दोन छोट्या म्हणजे मोकळं. थांबची शिट्टी कुणीही मारावी, चहावाल्यानेसुद्धा. मोकळं फक्त मी देते. मशीन चालू असताना शिट्टीही ऐकू येत नाही, तेव्हा वर केलेली मूठ म्हणजे थांब. आणि वरच्याने मशीन बंद करून खाली बघितल्याशिवाय काहीच सोडायचं नाही.

दोर दोन असतात, त्यांची गल्लत होऊ देऊ नका. आमचा माणसाचा दोर नारिंगी, लाकडाचा निळा. नारिंगी दोर जमिनीवर टाकायचा नाही, त्यावर पाय द्यायचा नाही, पेट्रोलच्या कॅनशेजारी ठेवायचा नाही. रोज संध्याकाळी तो पूर्ण लांबीचा बोटांतून सरकवायचा, डोळे मिटून केलं तर आणखी चांगलं. कुठे मऊ लागला, कुठे घासून काचेसारखा गुळगुळीत झाला, धागा निघाला, की तो माणसाच्या कामातून बाद.

निळ्या दोरावर वजन किती येतं हे नवीन पोरांना खरं वाटत नाही. एक फूट जाड आणि तीन फूट लांब ओला तुकडा साधारण ६० किलो भरतो, म्हणजे सिमेंटच्या गोणीहून जड. तो दोन-तीन हात पडून दोराला झटका देतो तेव्हा ओढ त्याच्या कित्येक पट होते. म्हणून दोराला बुंध्याभोवती दोन-तीन वेढे द्यायचे, ओढ त्या वेढ्यांनी खायची, आपल्या दंडाने नाही. तुकडा सुटला की गच्च धरायचं नाही. आधी ढील, मग हळूहळू आवळत थांबवायचं, पतंगाचा मांजा धरतात तसं. गच्च धरलं तर झटका वरच्या फांदीला बसतो, आणि त्याच फांदीला दादा बांधलेला असतो. दोर हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. जमिनीवर पडलेल्या दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही.

फांदी कापण्याचे तीन काप खालच्यालाही पाठ हवेत, कारण खालून ते जास्त नीट दिसतात. पहिला काप खोडापासून फूटभर पुढे, खालच्या बाजूने, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश भागापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी साल न सोलता तुटते. उरलेलं खुंट तिसऱ्या कापाने, फांदीच्या मुळाशी जे फुगीर कडं असतं त्याच्या बाहेरून. खोडाला लागून सपाट कापलं की कडं जातं आणि झाडाला जखम मिटवता येत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं. जखमेवर डांबर किंवा रंग लावून काही भलं होत नाही, हेही त्यांचंच. तरीही प्रत्येक सोसायटीत कुणीतरी गेरूचा डबा घेऊन उभं असतंच.

चेनसॉ मी जमिनीवर सुरू करते, ब्रेक लावून. गरम करून, बंद करून वर पाठवते. पेट्रोल एक लिटर असेल तर टू-स्ट्रोक ऑइल २० मिली. मशीन तापलेलं असताना पेट्रोल ओतायचं नाही. वर करवत चालवताना दादा दोन ठिकाणी बांधलेला हवा, एक दोर आणि एक पोलादी गाभ्याचा पट्टा. दोर चुकून कापला गेला तरी पट्टा राहतो. मला खालून दुसरा पट्टा दिसला नाही तर मी शिट्टी मारते. करवतीच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर मशीन उसळून तोंडावर येतं, म्हणून खांद्याच्या वर नाही आणि एका हाताने तर नाहीच.

पोरांना सगळ्यात जड जातं ते थोरल्याला "उतर" म्हणणं. मलाही जड गेलं. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, घरी त्याच्यापुढे मी आवाज चढवत नाही. पण मे महिन्यात अकरानंतर तो वर असला, दोनदा हाक मारूनही उत्तर उशिरा आलं, की मी उतर म्हणते आणि तो उतरतो. कारण विचारायचं असेल तर खाली येऊन, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पिऊन विचारायचं. हे आमचं ठरलेलं आहे.

वर कुणी बेशुद्ध होऊन हार्नेसला, म्हणजे अंगावर बांधलेल्या पट्ट्यांना, लटकला तर अग्निशमन दल येईपर्यंत वाट बघण्याएवढा वेळ नसतो. म्हणून खाली दुसरा हार्नेस घातलेला, चढू शकणारा माणूस हवाच. डिकीत ठेवलेला हार्नेस हिशेबात धरायचा नाही. महिन्यातून एकदा कळव्याला आमच्या मागच्या आंब्यावर वाळूचं पोतं टांगून आम्ही ते उतरवतो. पहिल्यांदा २६ मिनिटं लागली होती, आता नऊ लागतात. १०८ ला सांगायचा पूर्ण पत्ता, गेटचा रस्ता आणि जवळची खूण सकाळीच कागदावर लिहून गेटवरच्या पोराकडे द्यायची. घाबरल्यावर माणसाला स्वतःची सोसायटीसुद्धा आठवत नाही.

विम्याचं थोडक्यात: ठेकेदार करेल म्हणून थांबू नका. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून प्रधानमंत्री सुरक्षा विमा होतो, अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. दोन्ही पोरांचा फॉर्म मीच भरला, त्यांना न विचारता सह्या घेतल्या.

काम संपलं की पट्टी सोडायच्या आधी एकदा शेवटचं वर बघायचं. तुटलेली पण बेचक्यात अडकलेली फांदी हवेने रात्री पडते, आणि तेव्हा खाली कुणी शिट्टीवाला नसतो. मग दोर मोजायचे, हुक मोजायचे, आणि मगच टेम्पो भरायचा.

बाद झालेल्या नारिंगी दोराचे मी लगेच हातहातभर तुकडे करते, कुणी पुन्हा वापरू नये म्हणून. पहिला बाद दोर मात्र तोडवला नव्हता. तो आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधलाय. दादा आला की चहा पिता पिता त्यावरून बोटं फिरवतो आणि तो मऊ झालेला भाग शोधतो.