पिल्लू घरी आणलंय? काय, किती आणि कधी खायला घालायचं, कोल्हापूरच्या घरांसाठी

पेट शॉपच्या काउंटरवर रोज येणारा पहिला प्रश्न म्हणजे "दादा, कुठल्या कंपनीचं फूड चांगलं?" आणि मी दरवेळी उलट विचारतो, पिल्लाचं वजन किती? बहुतेकांना माहीत नसतं. कंपनीचं नंतर बघू, आधी वजन, कारण किती घालायचं ते त्याच्यावर ठरतं. आपल्याकडं घरातलं कुत्रं उपाशी राहिलंय असं फार कमी बघायला मिळतं, जास्त खाऊन नाहीतर चुकीचं खाऊन आजारी पडलेली मात्र लई येतात. पाहुण्याला आग्रह करकरून वाढायची सवय आहे ना आपली, तोच आग्रह कुत्र्याला पण होतो, आणि ते बिचारं नको म्हणत नाही.

आणायच्या आधी

८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. २०१७ च्या डॉग ब्रीडिंगच्या नियमात पण तेच आहे, त्याच्या आधी विकता येत नाही, तरी "३० दिवसाचं आहे, छान सवय लागेल" असं सांगून देणारे भेटतातच. इतक्या लवकर आईपासून तोडलेलं पिल्लू नीट खात नाही, जुलाब लागतात आणि चावायची सवय पण राहते, कारण किती जोरात चावायचं नाही हे ते आई-भावंडांकडूनच शिकतं. आणताना एक गोष्ट नक्की विचारा, तिथं काय खात होतं? आणि तेच फूड थोडं बरोबर घेऊन या.

पहिला आठवडा, काहीही बदलू नका

जागा नवी, माणसं नवी, त्यात खाणं पण नवं केलं की पोट बिघडणारच. निदान ४-५ दिवस जुनंच खाणं चालू ठेवा. मग बदलायचं असेल तर ७ दिवस घ्या, पहिले दोन दिवस पाव भाग नवं आणि बाकी जुनं, मग अर्धं अर्धं, मग पाऊण नवं, आणि शेवटी पूर्ण नवं. मोठ्या कुत्र्याचं फूड बदलताना पण हेच करायचं.

दुधाबद्दल आता थोडं कडक बोलतो. गंगावेशीत म्हशीची धार काढून तिथंच ग्लास देणारं आपलं गाव, त्यामुळं पिल्लू आलं की पहिली वाटी दुधाची हे ठरलेलंच. पण आईचं दूध सुटलं की पिल्लाच्या पोटात दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते, आणि म्हशीच्या दुधात फॅट पण भरपूर. मग पातळ शी, मग अशक्तपणा, आणि घरचे म्हणतात फूड सोसलं नाही. दूध बंद करून बघा, पुष्कळदा पोट तेवढ्यानंच जाग्यावर येतं. प्यायला साधं स्वच्छ पाणी, दिवसभर भरलेलं. आईविना सापडलेलं एकदम तान्हं पिल्लू असेल तर त्याला पिल्लांची वेगळी दूध पावडर मिळते, ती डॉक्टरांना विचारून.

किती आणि किती वेळा

तुम्ही एकटे काट्यावर उभे राहा, मग पिल्लू उचलून उभे राहा, वजाबाकी करा, झालं. दर रविवारी हे करून कॅलेंडरवर लिहून ठेवा. पाकिटाच्या मागं तक्ता असतो, वय आणि वजन बघून ग्रॅम काढायचे आणि ते किचनच्या काट्यावर मोजायचे, वाटीनं नाही, कारण प्रत्येकाच्या घरातली वाटी वेगळी. अंदाज यावा म्हणून सांगतो, १० किलोच्या मोठ्या, नसबंदी झालेल्या घरगुती कुत्र्याला कोरडं फूड दिवसाला साधारण १६० ते १८० ग्रॅम पुरतं, पूर्ण दिवसाचं. ऐकून लोकांना धक्का बसतो कारण तेवढं ते एका वेळेला घालत असतात! बिस्किटं, चीज, चपातीचा तुकडा हे सगळं मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या भागाच्या वर जायला नको.

३ महिन्यांपर्यंत दिवसातून ४ वेळा, मग ६ महिन्यांपर्यंत ३ वेळा, त्यानंतर २ वेळा. ठेवलेलं १५-२० मिनिटांत नाही खाल्लं तर उचला, दिवसभर भांडं भरून ठेवू नका.

बरोबर चाललंय का हे हातानं कळतं. बरगड्यांवरनं हात फिरवा, हलका दाबल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत, आणि वरनं बघितलं की कंबर दिसली पाहिजे. लॅब्राडॉरवाल्यांनो हे तुमच्यासाठी खास, कारण कौतुकानं गोल केलेला लॅब तीन-चार वर्षांतच जिना चढायला कुरकुरायला लागतो, आणि तेव्हा त्याला बारीक करणं फार अवघड जातं.

मोठ्या जातीच्या पिल्लाला लार्ज ब्रीडचंच पपी फूड घ्या आणि वर कॅल्शियमचं सिरप ओतू नका. दुकानदार असून सांगतोय. पूर्ण आहार असलेल्या फूडमध्ये कॅल्शियम मोजून घातलेलं असतं, वरनं जास्त झालं की ग्रेट डेन, शेफर्ड असल्या पिल्लांची हाडं नीट वाढत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

सुटं फूड, म्हणजे उघड्या पोत्यातनं किलोवर मिळतं ते, पावसाळ्यात तर घेऊच नका. आपल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्यातली चरबी खवट होते, बुरशी येते, आणि पोतं कधी फोडलंय कोणाला ठाऊक. छोटं पाकीट घ्या, त्याच पिशवीत तोंड गच्च बंद करून डब्यात ठेवा, महिना-सव्वा महिन्यात संपवा.

घरचं घालायचं असेल तर

घाला की, वाईट काहीच नाही, पण त्याचं वेगळं शिजवा. उकडलेलं बिनहाडाचं चिकन, अंडं, भात, भोपळा, गाजर, मीठ-मसाला शून्य. रोज पूर्ण घरचंच देणार असाल तर नुसत्या मटण-भातात कॅल्शियम कमी पडतं, म्हणून एकदा डॉक्टरांकडनं प्रमाण लिहून घ्या. पिल्लाला तर निदान वर्षभर पपी फूडच मुख्य ठेवा. कलेजी आवडते म्हणून रोज नको, आठवड्यातनं एकदोनदा थोडी.

आता खरी अडचण, तांबडा-पांढरा रस्सा. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, कच्चा असो, शिजवलेला असो, वाळवून कुटलेला असो, आणि आपली चटणी म्हणजेच वाळवलेला कांदा-लसूण. लोक म्हणतात तिखट नाही घातलं, फक्त अळणी पाणी दिलं, पण अळणीत पण आलं-लसूण-कांदा असतोच ना. कुत्र्यासाठी मटण द्यायचंच असेल तर काहीही घालायच्या आधी चार तुकडे बाजूला काढून नुसत्या पाण्यात उकडा. त्रास लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी तांबडी-काळपट होते, कुत्रं पडून राहतं. असं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

रविवारची नळी पण नाही. शिजलेलं हाड टोकदार फुटतं, घशात-आतड्यात अडकतं, आणि गोल नळी खालच्या जबड्यात अडकलेली कुत्री तर डॉक्टरांकडं नेहमी येतात. चॉकलेट नाही. द्राक्षं, मनुके, बेदाणा नाही, आणि हे मुद्दाम सांगतो कारण तासगावचा बेदाणा आपल्याकडं घरोघरी असतो आणि लहान पोरं मूठभर सहज टाकतात, त्यानं किडनी बंद पडू शकते. आपली ताप-अंगदुखीची गोळी कुत्र्याला नाही, आणि मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळी जीव घेते.

लस, जंत, गोचीड

६ ते ८ आठवड्यांत पहिली लस, मग दर ३-४ आठवड्यांनी पुढची, १६ आठवडे होईपर्यंत. रेबीजची साधारण ३ महिन्यांला, पुढं डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. जंताचं औषध सुरुवातीला दर १५ दिवसांनी, वजनावर मोजून. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रंकाळ्यावर फिरवायला नेऊन जमिनीवर सोडू नका, पार्व्हो म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा रोग, त्याचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. उलट्या आणि रक्ताची घाण वास येणारी शी दिसली तर तास मोजायचे, दिवस नाही.

गोचीड दिसली की लोक फक्त कुत्र्याला औषध लावतात आणि आठ दिवसांनी परत येतात. अंडी असतात भिंतीच्या फटीत, पायपोसाखाली, कुत्र्याच्या खोलीच्या कोपऱ्यात, तिथं पण फवारणी पाहिजे (कुत्र्याला बाहेर ठेवून, पूर्ण वाळल्यावरच आत). घरात मांजर पण असेल तर औषध घेताना आम्हाला आधी सांगा, कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराला विष आहे.

मांजर, मासे, पोपट

मांजर दूध-चपातीवर जगतं असं वाटतं कारण ते बाहेर उंदीर-पाली मारून खातं. फ्लॅटमध्ये कोंडलेल्या मांजराला ती सोय नाही. त्याला मांसातलं टॉरिन नावाचं पोषक द्रव्य लागतं, ते नाही मिळालं की डोळे आणि हृदय बिघडतं, म्हणून मांजराचंच फूड घ्या, कुत्र्याचं चालत नाही. पाणी कमी पितात, म्हणून दिवसातनं एकदा ओलं फूड द्या. बोका सारखा लिटरमध्ये (शी-लघवीच्या वाळूच्या ट्रेमध्ये) बसतोय आणि लघवी होत नाही, तर रात्री २ ला पण डॉक्टर उठवा.

माशांना दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि नळाचं पाणी क्लोरीन काढल्याशिवाय टाकायचं नाही. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, पूर्ण नाही. गोल्डफिश काचेच्या गोल बाउलमध्ये ठेवायला मागू नका, मी देत नाही.

हिरवा देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. बजरीगर म्हणजे लव्ह बर्ड म्हणून विकतात ते चालतात, त्यांना नुसती बाजरी-राळं नको, कोथिंबीर, मेथी, किसलेलं गाजर पण रोज थोडं.

पावसाळ्यात पिशवी भरून ठेवा

२०१९ आणि २०२१ चा पूर आपण सगळ्यांनी बघितलाय. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा पातळी, ४३ ला धोका. नदीकाठच्या भागात राहत असाल तर ३९ च्या बातमीलाच पिशवी तयार पाहिजे, आठवड्याचं फूड मोजून, दोन भांडी, पट्टा, चालू औषधं, मांजरासाठी बंद होणारी पिंजरा-बॅग, लसीचं कार्ड आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये. जनावर घेऊन कुणाकडं जायचं हे आधीच फोन करून ठरवा. आणि काही झालं तरी साखळीला बांधून घर सोडू नका. पुराच्या पाण्यातनं आलेल्या कुत्र्याचे पाय, पोट साबणानं धुऊन कोरडं करा, उंदराच्या लघवीतनं लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा रोग होतो आणि तो माणसांना पण होतो, म्हणून वर्षाच्या लसीत लेप्टो आहे का ते डॉक्टरांना मे महिन्यातच विचारून घ्या.