खुल्या समुद्रातील आंतरक्लब नौकास्पर्धेचा इतिहास कसा संकलित करावा

शिडाच्या बोटींच्या स्पर्धेचा इतिहास म्हणून बहुतेक क्लबांच्या भिंतीवर विजेत्यांच्या नावांचा एक लाकडी फलक असतो. त्या फलकावर वर्ष आणि बोटीचे नाव कळते. पण शर्यत किती अंतराची होती, बोटींचे मापन कोणत्या नियमाने झाले आणि विजेता नेमका कोणाच्या वतीने उतरला होता, यांतले काहीच कळत नाही. या तीन गोष्टींवाचून केलेला इतिहास दिशाभूल करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या कशा शोधाव्यात आणि कशा नोंदवाव्यात, हे इंग्लंडमधील फास्टनेट शर्यत आणि तिच्याशी जोडलेली अ‍ॅडमिरल्स कप स्पर्धा या उदाहरणांवरून पाहू. या दोन्ही स्पर्धांत नियम, मार्ग आणि संघरचना इतक्या वेळा बदलल्या आहेत की संकलनात येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण त्यांत भेटते.

सर्वप्रथम आपण कशाचा इतिहास लिहीत आहोत, याची हद्द आखून घ्यावी. फास्टनेट ही एकच लांब शर्यत आहे. तिची सुरुवात 1925 मध्ये सात बोटींनी झाली. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापुढील फास्टनेट खडकाला वळसा घालून इंग्लंडमधील प्लिमथला पोहोचायचे, असा तिचा मार्ग होता आणि ई. जी. मार्टिन यांची ‘जोली ब्रीझ’ ही मूळची फ्रान्समधील ल आव्र बंदरातील पायलट बोट (जहाजांना वाट दाखवणाऱ्या वाटाड्यांची बोट) तीत पहिली आली. अ‍ॅडमिरल्स कप ही मात्र अनेक शर्यतींच्या गुणांवर ठरणारी सांघिक स्पर्धा असून ती 1957 मध्ये सुरू झाली. फास्टनेट हा तिचा एक टप्पा होता. त्यामुळे एकाच वर्षी फास्टनेटचा विजेता एक आणि अ‍ॅडमिरल्स कपचा विजेता दुसराच असू शकतो. 1979 मध्ये फास्टनेट जिंकली ती अमेरिकेच्या टेड टर्नर यांच्या ‘टेनेशियस’ने, तर अ‍ॅडमिरल्स कप गेला ऑस्ट्रेलियाकडे. हे दोन निकाल एकाच रकान्यात लिहिले की पुढची सगळी कोष्टके बिघडतात.

हद्द ठरली की कागदपत्रे जमवायला लागावे. शर्यतीची मूळ सूचना, स्पर्धकांना दिलेल्या सूचना, नोंदणी केलेल्या बोटींची यादी आणि अंतिम निकालपत्रक हे चार कागद प्रत्येक वर्षासाठी शोधावेत. शोधताना संस्थेची जुनी नावे हाताशी ठेवावीत. पहिली फास्टनेट संपल्यावर प्लिमथमध्ये जो क्लब स्थापन झाला, त्याचे नाव ‘ओशन रेसिंग क्लब’ असे होते. त्याला ‘रॉयल’ ही उपाधी 1931 मध्ये मिळाली. त्याआधीचे कागद आजच्या नावाने शोधले तर सापडत नाहीत. वर्तमानपत्रांतील बातम्या उपयोगी असतात, पण त्यांत बहुधा सर्वांत आधी किनारा गाठणाऱ्या बोटीचे कौतुक असते आणि ती बोट प्रत्यक्षात जिंकलेली असेलच असे नाही.

याचे कारण हँडिकॅप पद्धतीत आहे आणि संकलकाने ती कागदावर स्वतः सोडवून पाहिल्याखेरीज निकालपत्रकाला हात घालू नये. समुद्रशर्यतीत लहानमोठ्या बोटी एकत्र धावतात, म्हणून प्रत्येक बोटीला तिच्या लांबी, वजन, शिडाचे क्षेत्रफळ यांवरून एक गुणक दिला जातो आणि प्रत्यक्ष लागलेल्या वेळेला त्या गुणकाने गुणून करेक्टेड टाइम काढला जातो. समजा, 1.100 गुणक असलेल्या मोठ्या बोटीला 80 तास लागले. तिचा करेक्टेड टाइम 88 तास झाला. 0.960 गुणकाची लहान बोट तिच्यानंतर दहा तासांनी, म्हणजे 90 तासांनी आली. तिचा करेक्टेड टाइम 86 तास 24 मिनिटे झाला, म्हणून लहान बोट जिंकली. आपल्या नोंदवहीत प्रत्यक्ष वेळ, गुणक आणि करेक्टेड टाइम असे तीन वेगळे रकाने ठेवावेत आणि छापील निकाल दर वेळी गुणाकार करून पडताळावा. मात्र सगळ्याच काळांतील पद्धती अशा साध्या गुणाकाराच्या नसतात, म्हणून त्या वर्षीचा नियम आधी वाचावा.

नियमाचा इतिहास हा स्पर्धेच्या इतिहासाचा गाभा आहे. ब्रिटिश क्लबचा जुना मापननियम आणि अमेरिकेतील नियम यांची सांगड घालून 1970 च्या सुमारास आयओआर (इंटरनॅशनल ऑफशोअर रूल) हा बोटींच्या मापनाचा आंतरराष्ट्रीय नियम आला. या नियमात बोटीची मापे ठरावीक बिंदूंवर घेतली जात, म्हणून आरेखकांनी नेमक्या त्याच बिंदूंवर बोटीच्या अंगाला फुगवटे दिले आणि मागचा भाग चिंचोळा केला. रेटिंग, म्हणजे मापांवरून ठरणारा हँडिकॅपचा आकडा, सुधारले, पण मागून वारा असताना अशा काही बोटी सुकाणूला दाद देईनाशा झाल्या. आज फास्टनेट आयआरसी या दुसऱ्या मापननियमाने चालते. एखादी बोट एका दशकात सतत जिंकते आणि पुढच्या दशकात मागे पडते, तेव्हा खलाशांचे कसब कमी झाले असे लिहिण्याआधी नियम बदलला होता का, हे पाहावे.

अंतराचेही तसेच आहे. दीर्घकाळ सुमारे 605 सागरी मैलांची असलेली फास्टनेट 2021 पासून फ्रान्समधील शेरबुर्गला संपू लागली आणि सुमारे 695 मैलांची झाली. वेळेचे विक्रम लिहिताना दोन मार्गांच्या दोन स्वतंत्र याद्या कराव्यात.

गुणांची वाटणी न पाहता सांघिक निकाल लावू नये. 1979 मध्ये प्रत्येकी तीन बोटींचे 19 संघ अ‍ॅडमिरल्स कपसाठी उतरले होते आणि शेवटच्या फास्टनेटपूर्वी आयर्लंड आघाडीवर होते. त्या काळी किनाऱ्याजवळच्या शर्यतीपेक्षा फास्टनेटला तिप्पट गुण असत. त्या वर्षी फास्टनेटच्या वेळी आलेल्या भीषण वादळात आयर्लंडच्या दोन बोटींची सुकाणू तुटली आणि आघाडी गेली. केवळ अंतिम क्रमवारी वाचणाऱ्याला हे कळणार नाही.

त्याच वादळाची नोंद करताना आकड्यांची शिस्त सर्वांत जास्त लागते. 303 बोटी निघाल्या, 85 शर्यत पूर्ण करून आल्या, 194 नी माघार घेतली, 19 बोटी खलाशांनी सोडून दिल्या पण त्या नंतर सापडल्या आणि 5 बुडाल्या असे मानले गेले; ही बेरीज बरोबर 303 होते. अशी बेरीज जुळत नसेल तर आकडे स्वीकारू नयेत. मृत स्पर्धकांची संख्या 15 आहे. काही ठिकाणी याहून मोठा आकडा दिसतो, तेव्हा त्यात शर्यतीबाहेरच्या बोटींवरील माणसेही धरलेली असतात. म्हणून आकड्यासमोर कोणाची मोजणी केली आहे, ते लिहावे. मेलेल्या माणसांची मोजणी निष्काळजीपणे करणे मला अक्षम्य वाटते. त्यानंतर झालेल्या चौकशीतून बोटींची सुरक्षासामग्री आणि खलाशांचा अनुभव यांविषयीचे नियम कडक झाले, म्हणून 1979 पूर्वीच्या आणि नंतरच्या सहभागाच्या संख्यांची थेट तुलना करू नये.

शेवटचा प्रश्न संघ कोणाचा, हा. अ‍ॅडमिरल्स कपमध्ये दीर्घकाळ देशांचे संघ असत. 1971 मध्ये तर ब्रिटनचे विद्यमान पंतप्रधान एडवर्ड हीथ हेच विजयी ब्रिटिश संघाचे कर्णधार होते. 2003 मध्ये क्लबांचे संघ उतरले आणि सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड यॉट क्लबने कप जिंकला. मग दोन दशकांहून अधिक खंड पडला आणि 2025 मध्ये, फास्टनेटच्या शताब्दी वर्षी, प्रत्येक क्लबच्या दोन बोटी अशा रचनेने स्पर्धा पुन्हा झाली. ती मोनॅकोच्या यॉट क्लबने जिंकली. आपल्या कोष्टकात देश आणि क्लब यांसाठी वेगळे रकाने ठेवावेत आणि क्लबचा विजय देशाच्या खात्यावर चढवू नये. 2001 आणि 2005 ची स्पर्धा रद्द झाली होती. त्या ओळी गाळू नयेत, तेथे ‘रद्द’ असे लिहावे. जेथे कागद मिळालाच नाही, तेथे रकाना कोरा ठेवून शोध कोठपर्यंत पोहोचला आहे ते समासात पेन्सिलीने नोंदवावे, म्हणजे पुढचा संकलक तेथून काम उचलू शकेल.