विद्यार्थी उपग्रहाची जोडणी आणि उड्डाणपूर्व चाचण्या

पवईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी घडवलेला सुमारे दहा किलो वजनाचा ‘प्रथम’ हा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३५ या रॉकेटमधून अवकाशात गेला. मुंबईतील ज्या इतर महाविद्यालयीन गटांना असे काम हाती घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी जोडणी व चाचण्यांचा क्रम येथे दिला आहे. आराखडा पक्का झाला आहे असे गृहीत धरले आहे.

वीजपुरवठा, मुख्य संगणक, रेडिओ व दिशानियंत्रण या उपप्रणाली थेट सांगाड्यात बसवू नयेत. आधी त्या टेबलावर मांडून तारांनी एकमेकींना जोडाव्यात आणि दीर्घकाळ अशाच चालवाव्यात. या मांडणीला फ्लॅटसॅट म्हणतात. सॉफ्टवेअरमधील चूक येथे सापडली तर एकही स्क्रू काढावा लागत नाही. कोणताही कनेक्टर पहिल्यांदा जोडण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक पिनेवरील रोध व व्होल्टेज मल्टिमीटरने तपासावे आणि प्रत्यक्ष जोडताना वीज बंद ठेवावी. पिना वारंवार लावल्या-काढल्याने झिजतात, म्हणून उड्डाणाच्या कनेक्टरवर एक मधला कनेक्टर चढवून ठेवावा आणि झीज त्याला सोसू द्यावी.

फ्लॅटसॅटसाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेले भाग चालतात. उड्डाणासाठी मात्र ज्यांचा उत्पादक व बॅच कागदावर दाखवता येते, तेच घ्यावेत. पीव्हीसी आवरणाच्या तारा निर्वातात वायू सोडतात आणि त्याचा थर भिंगावर बसू शकतो, म्हणून टेफ्लॉनच्या तारा वापराव्यात. गोंद व टेप यांना प्रचलित निकष असा आहे की, निर्वातात १२५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवल्यावर वजनातील घट १ टक्क्याच्या आत आणि गार पृष्ठभागावर साचणारा अंश ०.१ टक्क्याच्या आत असावा.

मुंबईत खरी अडचण आर्द्रतेची आहे. क्लीन रूममध्ये, म्हणजे जोडणीसाठीच्या धूळमुक्त खोलीत, सापेक्ष आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्के राखावी लागते. हवा फार कोरडी झाली तर स्थिरविद्युत वाढते आणि फार दमट झाली तर गंज चढतो. पावसाळ्यात नुसत्या एसीवर विसंबू नये, स्वतंत्र डिह्युमिडिफायर हवाच. गार खोलीतील भाग बाहेर काढण्यापूर्वी आतच सिलिका जेलसह हवाबंद पिशवीत भरावा आणि त्याचे तापमान बाहेरच्या हवेइतके होईपर्यंत पिशवी उघडू नये, अन्यथा सर्किटवर दव धरते. हाताळताना मनगटी पट्टा घालावा व तो अर्थिंगला जोडलेला आहे याची रोज खात्री करावी.

कंपन चाचणी आधी आणि निर्वातातील तापमान चाचणी नंतर घ्यावी, कारण उड्डाणातही क्रम तोच असतो आणि कंपनाने सैल झालेले सोल्डर पुष्कळदा तापमान बदलल्यावरच उघडे पडते. तिन्ही अक्षांवर २० ते २००० हर्ट्झ या पट्ट्यात यादृच्छिक कंपन द्यावे. कंपनाची पातळी प्रक्षेपक यंत्रणा, म्हणजे रॉकेट सोडणारी संस्था, ठरवून देते. प्रत्येक फेरीच्या आधी व नंतर अगदी हलक्या कंपनावर नैसर्गिक वारंवारिता मोजावी. ती सुमारे ५ टक्क्यांहून अधिक सरकली असेल, तर उपग्रह वरकरणी धडधाकट दिसला तरी आत काहीतरी सैल झाले आहे असे समजून तपास करावा. निर्वात कक्षात १०⁻⁵ टॉर (दाबाचे एकक) किंवा त्याहून कमी दाबावर उष्ण व शीत टोकांच्या अनेक आवर्तनांतून उपग्रह न्यावा आणि दोन्ही टोकांना तो बंद करून पुन्हा सुरू करून पाहावा. बॅटरीची तापमानमर्यादा इतर भागांपेक्षा अरुंद असते, हे टोके ठरवताना ध्यानात घ्यावे.

नोंदवहीचा अनेकांना कंटाळा येतो. अमेरिकेत ६ सप्टेंबर २००३ रोजी नोआ-एन प्राइम हा हवामान उपग्रह कारखान्यातच जमिनीवर कोसळला, कारण त्याला धरणाऱ्या गाड्याचे २४ बोल्ट आधीच काढून नेलेले होते आणि ते जागेवर आहेत की नाहीत हे प्रत्यक्ष पाहण्याचा टप्पा नीट पाळला गेला नव्हता. म्हणून प्रत्येक बोल्टचा टॉर्क, म्हणजे तो आवळण्याचा जोर, एकाने वाचावा, दुसऱ्याने पाहून सही करावी. चाचणीनंतर एखादे पॅनेल उघडले, तर त्या भागाची चाचणी पुन्हा घ्यावी. वेळापत्रक कितीही चेपलेले असले तरी येथे सवलत देऊ नये.

प्रक्षेपणस्थळी रवाना करताना पेटीत धक्कामापक ठेवावा. पोहोचल्यावर त्याची नोंद वाचून, बॅटरी ठरलेल्या पातळीपर्यंत भारित करून आणि विलगीकरण स्विच (रॉकेटपासून सुटेपर्यंत उपग्रह बंद ठेवणारा) दाबलेल्या अवस्थेत वीज खरोखर तोडतो हे तपासून मगच उपग्रह प्रक्षेपण पेटीत बसवावा. उपग्रह चुकून सुरू होऊ नये म्हणून लावलेली सुरक्षा पिन प्रक्षेपक यंत्रणेने सांगितलेल्या टप्प्यावर काढावी आणि ती काढल्याची सही घ्यावी.